सावित्रीच्या कांठानें



यात्रेची आपल्याकडील रीत अशी कीं, माणूस खालून वर जातो. पायथ्याशीं प्रपंच ठेवावयाचा, दम खात खात चढावयाचें आणि शिखरावर देव भेटावयाचा. बदरीनाथ असो, वणीची सप्तशृंगी असो कीं जेजुरीचा खंडोबा असो, पायऱ्या वरच जातात. गेल्या कार्तिकांत मीं जी आठ दिवसांची यात्रा केली ती मात्र उलट्या दिशेची. महाबळेश्वराच्या माथ्यावरून निघालों आणि सावित्री नदीचें बोट धरून खालीं पोलादपूर-महाडच्या खोऱ्यांत उतरलों. वाटेंत एका कवीची समाधि, एक घळ, डोंगरांत खोदलेलीं कांहीं लेणीं आणि शेवटीं एक तळें, एवढाच तिचा विस्तार. अंतर पाहूं गेल्यास मोटारीनें एका दिवसांत उरकण्यासारखें आहे. मला तेथें पोंचावयास सत्तर वर्षें लागलीं.

माझे वडील दासबोधाचे नित्यपाठी होते. स्नान झालें कीं एक समास, मग चहा. दासबोधाचे दशक वीस आणि समास दोनशे. म्हणजे साडेसहा महिन्यांत एक आवर्तन पुरें होई आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहिल्या दशकाचा पहिला समास उघडे. साठ वर्षांत अशीं त्यांचीं शंभरावर आवर्तनें झालीं. पोथी अजून माझ्यापाशीं आहे. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यास त्यांच्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे. ते नाशिकजवळच्या टाकळीस गेले, चाफळास गेले, सज्जनगडास तर दर दासनवमीस जात. परंतु जेथें दासबोध लिहिला गेला असें संप्रदाय मानतो, त्या शिवथरच्या घळीस ते कधींहि गेले नाहींत. नवल असें कीं, त्यांचा जन्म महाडचा, १९१८ सालचा. आणि घळ महाडापासून सुमारें वीस मैलांवर. तरुणपणीं ते नोकरीनिमित्त मुंबईस आले ते पुन्हां त्या बाजूस फिरकले नाहींत. आईनें विचारलें तर म्हणत, ‘कोंकणची हवा मला सोसत नाहीं.’ खरें कारण त्यांनीं मला एकदांच सांगितलें. तें महाड आल्यावर सांगेन.

जुन्या क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेचें मंदिर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचें पाणी तेथें एका गोमुखांतून पडतें, अशी श्रद्धा आहे. मी जन्मभर शाळेंत भूगोल शिकविला, त्यामुळें मला त्या गोमुखापाशीं देवाच्या आधीं नकाशा आठवला, हें सांगावयास हरकत नाहीं. कृष्णा, वेण्णा आणि कोयना देशाकडे वळतात. त्यांचें पाणी कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र ओलांडून पूर्वसमुद्रास मिळतें. सावित्री मात्र कड्यावरून खालीं उडी घेते, कोंकणांत उतरते आणि बाणकोटच्या खाडीनें पश्चिमसमुद्रास जाते. एका गोमुखांतले दोन थेंब. एकाच्या नशिबीं बंगालचा उपसागर, दुसऱ्याच्या नशिबीं अरबी समुद्र. मीं ओंजळींत जें घेतलें तें कोणत्या नदीचें, हें पुजाऱ्यास विचारलें. तो हंसून म्हणाला, ‘गुरुजी, घेणाऱ्यानें ठरवायचं.’

तेथून पुढें कड्याचें एक टोंक आहे, त्यास आर्थर सीट म्हणतात. आर्थर मॅलेट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि मूल सावित्रीच्या पात्रांत होडी बुडून गेलीं, आणि त्यानंतर तो या टोंकावर बसून खालच्या नदीकडे पाहत राही, असें सांगतात. आज तेथें सहलीच्या मोटारींची रीघ असते आणि मक्याचीं कणसें भाजतात. तरीहि क्षणभर कठड्याशीं उभें राहिलें कीं, त्या परक्या माणसाचें दुःख कळतें. हजारों फूट खालीं ती नदी अगदीं निरुपद्रवी दिसते.

खालीं उतरावयास आंबेनळी घाटाचा मोटाररस्ता आहे. मी मात्र पारघाटाची जुनी पायवाट धरली. प्रतापगडाच्या पायथ्याचें पार गांव, तेथील रामवरदायिनीचें देऊळ, मग दाट रान. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफझलखानाची छावणी याच परिसरांत होती. त्या दिवसाविषयीं आपण इतकें वाचलेलें असतें कीं, प्रत्यक्ष जागीं पाखरांच्या आवाजाखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं याचाच अचंबा वाटतो. माझे गुडघे उतरणीला कुरकुरूं लागले. चढतांना माणसाची छाती बोलते, उतरतांना गुडघे. आणि गुडघ्यांस भक्तिभाव कमी असतो.

पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधि आहे. हे मूळचे नेवाशाचे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें त्यांनीं संस्कृतांत शिवभारत रचिलें. तें काव्य सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें महाराष्ट्रास त्याची नीट ओळख झाली. १९२७ हें साल लक्षांत ठेवावें. या खोऱ्यांत तें पुन्हां येणार आहे. समाधीपाशीं मी गेलों तेव्हां दुसरें कोणी नव्हतें. ज्यानें राजाचें चरित्र लिहिलें त्याच्या स्वतःच्या चरित्रांतलें आपल्या हातीं फारच थोडें आहे, असें मनांत आलें आणि पुढें निघालों.

पोलादपूरहून महाडकडे येतांना सावित्रीवरचा पूल लागतो. येथील इंग्रजी अमदानींतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. नवा पूल वर्षाच्या आंत उभा राहिला. माझ्या गाडींतला वाहक पूल येतांच बोलावयाचा थांबला, आणि पलीकडे गेल्यावर अर्धें राहिलेलें वाक्य त्यानें पुरें केलें. या खोऱ्यांत डोंगर आणि पाणी हीं दोन्ही दैवतें आहेत, तीं केवळ प्रसन्न दैवतें नव्हेत. महाड तालुक्यांतील तळिये गांवावर २२ जुलै २०२१ रोजीं डोंगर कोसळला आणि ८० हून अधिक माणसें गाडलीं गेलीं. निसर्गाच्या सान्निध्यांत मनःशांति मिळते असें शहरांतले आपण फार सहजपणें बोलतों. त्या गांवच्या माणसापुढें हें वाक्य मला उच्चारतां आलें नसतें.

शिवथरच्या घळीकडे जावयाचें तें बिरवाडीवरून, भोरच्या रस्त्यानें. बिरवाडीस औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत. नाकांत उग्र वास शिरतो आणि गाडीच्या कांचा आपोआप वर जातात. पुढें बारसगांवापासून रस्ता डोंगरांत वळतो. भातें कापलेलीं होतीं, खाचरांतून पेंढ्या रचलेल्या होत्या. घळ दिसण्याच्या आधीं ऐकूं येते. पावसाळ्यांत तेथील धबधबा इतका मोठा असतो कीं, शेजारच्या माणसाशीं बोलावें तरी ओरडावें लागतें. कार्तिकांत त्याची धार बारीक झाली होती, पण तुटली नव्हती. आंत गुहेंत समर्थ सांगत आहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेत आहेत अशा मूर्ति आहेत. लेखणी धरलेल्या त्या शिष्याकडे मी बराच वेळ पाहत बसलों. सांगणाऱ्याची समाधि लागत असेल, पण लिहिणाऱ्यास तर अक्षर चुकूं न देतां बसावयाचें असतें.

ही घळ १९३० सालीं धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं शोधून काढली. हे वकील गृहस्थ. समर्थसंप्रदायाचीं बाडें गोळा करीत मठामठांतून हिंडले, आणि धुळ्यास त्यांनीं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभें केलें. समर्थांच्या नांवावर असलेल्या एका रचनेंत घळीचें आणि तिच्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचें वर्णन आहे. त्या वर्णनाशीं जुळणारी जागा त्यांनीं डोंगरांत हिंडून ठरविली. शोध हा शब्द येथें थोड्या सावधपणें घ्यावा. आसपासच्या गुराख्यांस ती जागा ठाऊक नसेल असें थोडेंच आहे! ती ग्रंथांतून हरवली होती, रानांतून नव्हे. सुंदरमठाची खरी जागा ही नसून वरचें रामदास पठार होय, असेंहि कांहीं अभ्यासक मानतात. मी या वादांत पडलों नाहीं. परंपरा सांगते कीं, टाकळीस बारा वर्षें तप आणि पुढें बारा वर्षें बदरिकाश्रमापासून रामेश्वरापर्यंत तीर्थाटन करून समर्थ कृष्णाकांठीं आले. हिमालय पाहून आलेल्या माणसानें लिहावयास बसण्यासाठीं सह्याद्रीची एक ओली कपार निवडली, हें मला पुरें होतें. हिमालयांत माणूस लहान होतो. येथें डोंगर अगदीं अंगाशीं येतात, आणि खालच्या वाडींतल्या चुलीचा धूर घळीच्या तोंडापर्यंत पोंचतो.

तेथें मी तीन रात्रीं राहिलों. पहाटे काकडआरती, दुपारीं पंगत, संध्याकाळीं करुणाष्टकें. व्यवस्था नेटकी आणि बडेजाव मुळींच नाहीं. आश्रम म्हटला कीं हल्लीं आपल्या डोळ्यांपुढें संगमरवर, वातानुकूलित ध्यानमंदिर आणि दाराशीं पुस्तकविक्री उभी राहते. येथें ताट आपण घासावें आणि जागेवर ठेवावें. पंगतींत वाढणारा एक तरुण बिरवाडीच्या एका कारखान्यांत पाळीवर काम करणारा होता. सुटीच्या दिवशीं सेवेस येई. मीं त्यास विचारलें, ‘येथें मन शांत होत असेल, नाहीं?’ तो आमटीचें पातेलें खालीं ठेवून म्हणाला, ‘काका, तिथं यंत्राचा आवाज, इथं पाण्याचा. मन दोन्हीकडं तेवढंच पळतं. पण इथं कळतं, पळालं म्हणून.’ इतकें प्रामाणिक उत्तर मला कोणा संन्याशाकडून मिळालें नव्हतें.

वडिलांची पोथी मीं बरोबर नेली होती. घळींत बसून रोज एक दशक वाचीत असे. समर्थांनीं प्रपंच टाकावयास सांगितलें नाहीं, विवेकानें आणि सावधपणें करावयास सांगितलें, हें पाठकांस ठाऊकच आहे. मूर्खांचीं लक्षणें त्यांनीं जितक्या बारकाईनें दिलीं आहेत, तितक्याच बारकाईनें पढतमूर्खांचीं. म्हणजे जो शिकलेला आहे, सारें जाणतो आणि तरी चुकतो त्याचीं. तो समास वाचतांना प्रत्येकास शेजारी आठवतो. मला वडील आठवले. त्यांनीं तो शंभरावर वेळां वाचला होता. एवढ्या वेळां तो वाचतांना त्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न घेऊन मी चौथ्या दिवशीं सकाळीं महाडास उतरलों.

उतरलों, पण तळ्याकडे गेलों नाहीं. गांवाच्या उत्तरेस डोंगरांत गांधारपालें येथील लेणीं आहेत. लोक त्यांस पांडवलेणीं म्हणतात. आधीं तिकडे गेलों. इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत खोदलेलीं हीं बौद्ध लेणीं तिसाच्या घरांत आहेत. सावित्री आणि गांधारी यांचा संगम तेथून दिसतो. बंदराकडून घाटाकडे जाणाऱ्या मालाची वाटहि दिसत असावी, म्हणूनच भिक्षूंनीं हा डोंगर पसंत केला. दानपति वाटेवरच भेटतो. खोल्या लहान, निजावयास दगडी ओटे, आणि जागोजाग कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं. शिलालेखांत त्यांस पोढी म्हणतात, आणि पोढीचें दान हें लेण्याच्या दानाइतकेंच आवर्जून कोरलेलें असतें. अठराशें वर्षांपूर्वीं या खोऱ्यांत कोणी दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्याची सोय करी आणि आपलें नांव त्यावर ठेवी. ऊन चढेपर्यंत मी तेथेंच बसलों. मग उठावेंच लागलें.

आतां महाड. आपणांपैकीं बहुतेकांस हा इतिहास ठाऊक आहे, तरी तारखा सांगतों, कारण तारखांना टाळाटाळ करतां येत नाहीं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचें ठरावानें जाहीर केलें. कागदावर तळें खुलें झालें. तीन वर्षें तेथें कोणी पाण्यास हात लावूं शकला नाहीं. १९ आणि २० मार्च १९२७ रोजीं महाडांत परिषद भरली. २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रतिनिधींसह शांतपणें तळ्याकडे चालत गेले, त्यांनीं ओंजळभर पाणी घेतलें, आणि मग इतरांनीं घेतलें. त्यानंतर गांवांत अफवा उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. वीरेश्वर हें महाडचें ग्रामदैवत. अफवा खोटी होती. परंतु मांडवांत जेवत असलेल्या आणि गांवी परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. पुढें तळें बाटलें म्हणून त्याची शुद्धि करण्यांत आली. दूध, दही, गोमूत्र आणि शेण यांचीं १०८ मडकीं मंत्रघोषांत तळ्याच्या पाण्यांत रितीं केलीं गेलीं. डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली, २५ तारखेस मनुस्मृतीचें दहन झालें. न्यायालयाच्या मनाईमुळें त्या वेळीं तळ्यास हात लावला गेला नाहीं. खटला दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें निकाल दिला, तो पाणी पिणाऱ्यांच्या बाजूनें.

आमचें घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतें. वडील २००३ च्या पावसाळ्यांत आजारी होते. दासबोधाचा समास मी वाचीत असें आणि ते ऐकत. एके दिवशीं मध्येंच म्हणाले, ‘तळ्यांत मडकीं ओतलीं ना, त्यांतलं एक माझ्या हातीं होतं. दह्याचं. जड होतं. आई म्हणाली, सांडूं नकोस.’ मी थांबलों. विचारलें, ‘मग?’

‘मग काय? सांडलं नाहीं.’

त्यावर ते पुन्हां कधीं बोलले नाहींत, आणि मीं विचारलें नाहीं. त्या वेळीं ते नऊ वर्षांचे होते. पुढें सारी हयात त्यांनीं कोणाला अस्पृश्य मानलें नाहीं. घरांत सर्व जातींचीं माणसें जेवून गेलीं. पण ते महाडास गेले नाहींत, आणि ज्या ग्रंथावर त्यांचें आयुष्य उभें होतें त्याच्या जन्मस्थानाकडे जाणारी वाट महाडावरून जाते, म्हणून तेथेंहि गेले नाहींत. मी त्यांच्यासाठीं गेलों असें कोणी समजूं नये. दुसऱ्याच्या वतीनें तीर्थस्नान करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दर्भाचा पुतळा करून त्यास बुडवितात. प्रायश्चित्त मात्र तसें घेतां येत नाहीं. मी एवढ्यासाठींच गेलों कीं, आमच्या घरांतल्या कोणी तरी तें पाणी पाहिलें पाहिजे.

संध्याकाळचे पांच वाजले होते. तळें चारी बाजूंनीं बांधलेलें आहे, कांठावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. वीस मार्चला येथें पाऊल ठेवावयास जागा नसते; त्या दिवशीं पंधरावीस माणसें होतीं. पायरीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या, विदर्भाकडच्या असाव्यात, शेजारीं आठ-नऊ वर्षांचा नातू. त्यांनीं वांकून एका बाटलींत पाणी भरून घेतलें, घोटभर तोंडांत घेतलें, मुलाच्या केसांवरून ओला हात फिरविला. मी जवळच उभा होतों. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘कुठले तुम्ही, भाऊ?’

मीं म्हटलें, ‘मूळचा इथलाच.’

‘मग तुमाले याचं काय अप्रूप! रोजचंच पाणी.’

मीं सांगितलें कीं, मी पहिल्यानेंच आलों आहें. त्यांनीं बाटली पुढें केली. मीं ओंजळ धरली, त्यांनीं ओतलें. पाणी कोमट होतें आणि किंचित् मचूळ लागलें. मग त्यांनीं विचारलें, त्या सालीं तुमचीं माणसें येथें होतीं काय? मीं होय म्हटलें, आणि मडक्याची गोष्ट सांगितली. तीन-चार वाक्यांत ती झाली. बाई कांहीं वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मुलगा पायरीवरचे खडे गोळा करीत होता.

‘नऊ वर्साचं लेकरू,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्या हातात कोनं देलं थे?’

‘त्याच्या आईनें,’ मीं म्हटलें.

त्यांनीं मान हालविली, तिचा अर्थ मीं लावला नाहीं. मग बाटलीचें झांकण घट्ट बसवून ती नातवाच्या हातीं दिली, पदर सांवरला, आणि दोघें सावकाश पायऱ्या चढून वर गेलीं.